नाशिकच्या प्रशिक्षिका, इराणचे सुवर्ण

(धागा मोठा आहे. सवडीने वाचावा.)

२४ ऑगस्ट २०१८. जकार्ता येथील आशियाई क्रीडा स्पर्धेत महिला कबड्डीचा अंतिम सामना. एका बाजूस भारत, दुसऱ्या बाजूस इराण. महिला कबड्डीचा या स्पर्धेत समावेश झाल्यापासूनची दोन्ही सुवर्णपदके भारताकडे होती आणि तिसरेही येणार, हे जणू गृहीत धरले गेले होते. मध्यंतराला भारत १३-११ असा पुढे होता. उत्तरार्धात इराणने १६ गुण घेतले, भारताला ११ मिळाले. अंतिम गुणसंख्या इराण २७, भारत २४.

डोईला रुमाल बांधलेल्या इराणी मुली मॅटवर एकमेकींना मिठ्या मारीत होत्या. त्यांच्या बाकावर साठीच्या घरातल्या एक मराठी बाई होत्या. त्यांचे नाव शैलजा जैन, गाव नाशिक. हा संघ त्यांनी घडविला होता.

दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांतून त्यांचे नाव झळकले, समाजमाध्यमांवर दोन दिवस वादही झाला आणि मग विषय मागे पडला. इतिहासाच्या अभ्यासकाने तो असा मागे पडू देऊ नये, असे मला वाटते. ज्या भूमीने एखादा खेळ नियमबद्ध केला आणि जगाला शिकविला, त्याच भूमीतला जवळजवळ अज्ञात असा शिक्षक परदेशी जातो आणि त्याचे शिष्य मूळ भूमीलाच हरवितात, ही घटना क्रीडेतिहासात वारंवार घडली आहे. तिचे सर्वांत गाजलेले उदाहरण कबड्डीतले नाही, फुटबॉलमधले आहे. म्हणून आधी थोडे इंग्लंडात जाऊ.

जिमी हॉगन यांचा जन्म १८८२ साली लँकेशायरमधील नेल्सन या गिरण्यांच्या गावी झाला. नेल्सन, बर्नली, फुलहॅम, स्विंडन, बोल्टन असे अनेक क्लब त्यांनी खेळून पाहिले. पाय बरे चालत, पण इंग्लंडच्या राष्ट्रीय संघाचा दरवाजा त्यांच्यासाठी कधी उघडला नाही. आज ज्यांना आपण खालच्या फळीतले खेळाडू म्हणतो, त्यांतलेच ते. १९१० साली ते हॉलंडमधील डॉर्ड्रेख्टला प्रशिक्षक म्हणून गेले आणि पुढे व्हिएन्नात ह्युगो माइझल यांच्याबरोबर काम करू लागले. १९१४ साली महायुद्ध पेटले तेव्हा ते शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून व्हिएन्नात अडकले. तेथून ते बुडापेस्टला पोहोचले आणि एमटीके या क्लबच्या पोरांना त्यांनी चेंडू ताब्यात घेणे, तो जमिनीवरून सहकाऱ्याकडे देणे आणि डोके चालवून जागा शोधणे शिकविले. इंग्लंडात त्या काळी या गोष्टींवर मेहनत घेणे कमीपणाचे मानीत. खेळाडू जन्मावा लागतो, घडवायचा नसतो, अशी तेथली समजूत होती.

युद्ध संपल्यावर हॉगन मायदेशी परतले, तेव्हा खिसा रिकामा होता. युद्धात झळ पोहोचलेल्या व्यावसायिक खेळाडूंसाठी इंग्लिश फुटबॉल संघटनेकडे निधी असल्याचे कळल्यावरून ते लंडनच्या कार्यालयात गेले. त्यांनीच पुढे सांगितलेल्या हकिकतीनुसार, तेथे त्यांच्या हाती पैसे नव्हे तर खाकी लोकरीचे मोजे ठेवण्यात आले. आघाडीवरच्या सैनिकांना असे मोजे मिळाले तरी आनंद होत असे, हे वर ऐकविण्यात आले. शत्रूच्या देशात राहिलेल्या माणसाबद्दलची अढी त्या मोज्यांत गुंडाळलेली होती.

२५ नोव्हेंबर १९५३ रोजी वेंब्ली मैदानावर हंगेरीने इंग्लंडला ६-३ असे हरविले. युरोप खंडातील एखाद्या देशाने इंग्लंडला इंग्लंडातच नमविण्याची ती पहिली वेळ. हिडेगकुटीने तीन गोल केले, पुश्काशने दोन. सामन्यानंतर हंगेरीच्या फुटबॉल संघटनेने या खेळाचे श्रेय उघडपणे हॉगन यांना दिले. सत्तरी ओलांडलेले हॉगन त्या दिवशी मैदानात होते. ॲस्टन व्हिलाच्या तरुण पोरांना घेऊन ते प्रेक्षकांत बसले होते.

जॉर्ज रेनर हे दुसरे नाव. बार्न्सलीजवळच्या होयलंडचे. रॉदरहॅम, बरी, ऑल्डरशॉट अशा साध्या क्लबांतून खेळलेले. दुसऱ्या महायुद्धात लष्करातील शारीरिक शिक्षणाचे शिक्षक म्हणून ते बगदादला होते आणि तेथे त्यांनी इराकी खेळाडूंचा संघ बांधला. ते काम पाहून त्यांची शिफारस स्वीडनकडे झाली. त्यांच्या हाताखाली स्वीडनने १९४८चे ऑलिंपिक सुवर्ण जिंकले आणि १९५८ साली विश्वचषकाची अंतिम फेरी गाठली. त्यानंतर इंग्लंडात त्यांना मिळाले काय, तर स्केगनेस टाऊन नावाचा एक बिगर-लीग क्लब.

आता मूळ विषयाकडे येतो. फुटबॉलच्या संदर्भात इंग्लंडचे जे स्थान, ते कबड्डीच्या संदर्भात कोणाचे? भारताचे, हे उत्तर बरोबर आहे. पण ते अजून नेमके करता येते. मैदानी खेळ म्हणून हा प्रकार उपखंडभर होता. महाराष्ट्रात हुतूतू, बंगालात हाडूडू, तमिळ मुलखात चेडुगुडू. बाद झालेला गडी पुन्हा जिवंत होतो ती संजीवनी, बाद झालेला बाहेरच राहतो ती गामिनी, आणि बाद होऊनही गडी मैदानातच राहतो ती अमर, असे त्याचे भेद होते. गावोगाव नियम निराळे, पटांगणाचे माप निराळे, भांडणे मात्र सर्वत्र सारखी. या पसाऱ्याला छापील नियमांचे रूप देण्याचे काम विसाव्या शतकाच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या दशकांत प्रामुख्याने मराठी मंडळींनी केले. १९१८च्या सुमारास नियमांची जुळणी झाली. १९२३ साली ते छापले गेले आणि त्याच वर्षी बडोद्यात त्या नियमांनुसार अखिल भारतीय स्पर्धा भरली. १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखविण्यास गेले होते, हे अनेकांना ठाऊक असते. १९३८ साली कलकत्त्याच्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत कबड्डीला स्थान मिळाले, १९५० साली अखिल भारतीय महासंघ स्थापन झाला.

पुढच्या काळात शंकरराव तथा बुवा साळवी यांनी हा खेळ देशाबाहेर नेण्यासाठी आयुष्य वेचले. १५ जुलै हा त्यांचा जन्मदिवस महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळला जातो. बांगलादेश, नेपाळ येथे खेळ होताच. १९७९ साली प्रा. सुंदर राम यांनी जपानला जाऊन दोन महिने कबड्डीचे धडे दिले. जपानला कबड्डी शिकविण्याचा हेतू भाबडा नव्हता. आशियाई क्रीडा स्पर्धेत खेळ घ्यायचा, तर तो पुरेशा देशांत खेळला गेला पाहिजे, हे सरळ गणित होते. प्रतिस्पर्धी नसतील तर पदक नाही. म्हणून भारताने आपले प्रतिस्पर्धी स्वतः घडविले. १९९०च्या बीजिंग स्पर्धेत कबड्डीला पदक मिळू लागले आणि तेव्हापासून २०१४पर्यंतची पुरुषांची सातही सुवर्णे भारताने घेतली.

इराणमध्ये या खेळाचा एक भाऊबंद पूर्वीपासून होता. त्याला 'झू' म्हणतात. श्वास रोखून तोच उच्चार लांबवीत प्रतिपक्षाच्या हद्दीत शिरायचे. त्याशिवाय कुस्ती तर इराणच्या हाडीमाशी खिळलेली. पकड, कमरेची ताकद, तोल या कबड्डीच्या भांडवलाच्या गोष्टी तेथल्या तालमींत तयारच होत्या. कमतरता होती ती मॅटवरच्या डावपेचांची. २००४ साली मुंबईत झालेल्या पहिल्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात भारताने इराणला ५५-२७ असे लोळविले. २००७ साली पनवेलला अंतिम सामना पुन्हा याच दोघांत झाला आणि निकाल लागला २९-१९. २०१० साली ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत ३७-२०. २०१४ साली इंचिऑनला मात्र २७-२५. हे आकडे एका ओळीत मांडले की भविष्य वाचता येत होते. वाचायची इच्छा हवी होती.

महिलांचेही तेच. २०१२ साली पाटण्याच्या पहिल्या महिला विश्वचषकात अंतिम सामना भारत २५, इराण १९. इंचिऑनला भारत ३१, इराण २१. तेव्हा 'जैन बाई गेल्या आणि शून्यातून संघ उभा राहिला' असे जे लिहिले गेले, ते पूर्णतः खरे नाही. इराणी मुली दोनदा दारापर्यंत आल्या होत्या. दार उघडत नव्हते.

महिला कबड्डीचा इतिहास येथे थोडा सांगितला पाहिजे, कारण शैलजा जैन यांचे मोल त्याखेरीज कळणार नाही. पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५२ साली मद्रासला झाली, महिलांची १९५५ साली कलकत्त्याला. अवघे तीन वर्षांचे अंतर. पण त्यानंतर पुरुषांचा जिना वर चढत गेला आणि महिलांचा तेथेच थांबला. आशियाई महिला अजिंक्यपद स्पर्धा व्हायला २००५ साल उजाडले. आशियाई क्रीडा स्पर्धेत महिला कबड्डी आली २०१० साली, पुरुषांनंतर वीस वर्षांनी. म्हणजे सत्तरच्या किंवा ऐंशीच्या दशकात एखादी मुलगी कितीही उत्तम चढाया करीत असली, तरी राष्ट्रीय स्पर्धेच्या पलीकडे तिला जाण्यासारखे ठिकाणच नव्हते. फुटबॉलमध्ये खालच्या लीगमध्ये राहिलेल्या खेळाडूविषयी आपण म्हणू शकतो की त्याला वरची पायरी जमली नाही. या मुलींच्या बाबतीत ते म्हणता येत नाही, कारण वरची पायरी बांधलेलीच नव्हती. त्यांच्या कारकिर्दीला दुय्यम ठरविणारे मोजमाप मुळात चुकीचे आहे.

अशा मुलींपुढे दोन वाटा असत. रेल्वेची नोकरी मिळाली तर खेळ चालू राही. राष्ट्रीय स्पर्धांत रेल्वेच्या महिला संघाचे जे दीर्घ वर्चस्व दिसते, त्यामागे ही नोकरीची ओढ आहे. नाहीतर शिक्षकी वा प्रशिक्षकाची नोकरी. १९७१ साली पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेच्या पदविका अभ्यासक्रमात कबड्डीचा समावेश झाला होता आणि त्यातून प्रशिक्षणाला एक अधिकृत व्यवसाय म्हणून रूप येऊ लागले.

शैलजा जैन या दुसऱ्या वाटेने गेल्या. महाराष्ट्र शासनाच्या क्रीडा खात्यात प्रशिक्षक म्हणून त्यांनी तीन दशकांहून अधिक काळ काम केले आणि नाशिक ही त्यांची कर्मभूमी झाली. शासकीय क्रीडा प्रशिक्षक म्हणजे काय, हे शहरी वाचकाला कदाचित ठाऊक नसेल. जालना घ्या, नाशिक घ्या, प्रत्येक जिल्ह्यात क्रीडा कार्यालय असते. शालेय स्पर्धांचे वेळापत्रक, वयाचे दाखले, निवड चाचण्या, उन्हाळी शिबिरे, मैदान मिळविण्यासाठीची पत्रापत्री या सगळ्यातून वेळ काढून पहाटे आणि संध्याकाळी मुलींचा सराव घ्यायचा. मुलगी दहावीला गेली की घरचे खेळ बंद करतात. तेव्हा तिच्या घरी जाऊन आईवडिलांची समजूत घालणे हेही प्रशिक्षकाचेच काम. त्याची नोंद कोठल्याही कागदावर होत नाही. या प्रकारच्या कामातून त्यांच्या हाताखालून राज्य आणि राष्ट्रीय पातळीवरच्या कितीतरी खेळाडू गेल्या. निवृत्ती आली. भारतीय संघाचे प्रशिक्षकपद त्यांना हवे होते, ते मिळाले नाही; ही खंत त्यांनी जकार्ताच्या विजयानंतर स्वतःच बोलून दाखविली.

आणि मग इराणचे बोलावणे आले.

२०१७च्या आरंभी त्या इराणला गेल्या. साठीच्या उंबरठ्यावरची, शाकाहारी, फारसीचा एक शब्द न येणारी एक भारतीय बाई. तेथे सार्वजनिक ठिकाणी डोके झाकणे स्त्रियांना सक्तीचे. परदेशी प्रशिक्षिकेलाही त्यातून सूट नाही. त्यांनी हे सारे स्वीकारले. फारसी शिकल्या, कारण दुभाष्यामार्फत कबड्डी शिकविता येत नाही. पकडीचा क्षण अर्ध्या सेकंदाचा असतो. 'आता' हा शब्द भाषांतर होऊन पोहोचेपर्यंत चढाईपटू मध्यरेषा ओलांडून परत गेलेला असतो. सरावात त्यांनी योगासने आणि प्राणायाम आणला.

प्राणायामाचा उल्लेख वर्तमानपत्रांनी कौतुकाने, जरा गंमतीनेच केला होता. त्यात गंमत नाही. कबड्डी हा मुळात श्वासाचा खेळ आहे. चढाईला गेलेल्या खेळाडूने एका दमात 'कबड्डी कबड्डी' म्हणत राहायचे, आणि चढाईची मर्यादा ३० सेकंद. या वेळात निदान रेषा ओलांडायची, जमल्यास बोनस गुण घ्यायचा, सात जणींच्या हालचालींवर नजर ठेवायची आणि कोपऱ्यातली खेळाडू घोट्याकडे झेपावणार त्याच्या आधी निसटायचे. दम टिकला की डोके थंड राहते, आणि सामन्याच्या शेवटच्या पाच मिनिटांत थंड डोके हाच निर्णायक फरक ठरतो. महिलांचा सामना १५-१५ मिनिटांच्या दोन सत्रांचा. म्हणजे एक लोण पडला की भरपाईला फारसा वेळच उरत नाही. इराणी मुलींत ताकद होती, त्यांच्या पकडी भक्कम होत्या. २०१२ आणि २०१४ साली अंतिम सामन्यात त्या उणे पडल्या होत्या, ते भारतासमोर उभे राहण्याच्या सवयीत. समोरच्या संघात काय चालते, त्यांची साखळी केव्हा तुटते, घाई केव्हा होते, हे आतून जाणणारे माणूस त्यांना हवे होते.

पण यश लगेच आले नाही. नोव्हेंबर २०१७मध्ये आशियाई अजिंक्यपद स्पर्धा इराणमध्येच, गोरगान शहरी झाली. घरचे मैदान, घरचे प्रेक्षक. महिलांचा अंतिम सामना झाला तो भारत आणि दक्षिण कोरिया यांच्यात, आणि भारताने तो ४२-२० असा सहज जिंकला. इराण अंतिम फेरीतही नव्हता. परदेशी प्रशिक्षकाला घरी पाठविण्याची हीच वेळ असते, आणि बहुतेक ठिकाणी तसेच होते. इराणने तसे केले नाही. माझ्या मते जकार्ताच्या सुवर्णातला हा सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. निकाल वाईट लागल्यावरही पुढचे नऊ महिने त्या संघाला त्याच हाताखाली राहू देण्याचा निर्णय कोणीतरी घेतला होता.

जकार्ताला स्पर्धा सुरू झाली तेव्हा पहिला हादरा पुरुषांच्या गटात बसला. २० ऑगस्टला दक्षिण कोरियाने भारताला २४-२३ असे हरविले. आशियाई क्रीडा स्पर्धेतील भारतीय कबड्डीचा तो पहिला पराभव. २३ ऑगस्टला उपांत्य फेरीत इराणच्या पुरुषांनी भारताला २७-१८ असे बाहेर काढले. त्याच दिवशी भारतीय महिलांनी चायनीज तैपेईला २७-१४ असे नमवून अंतिम फेरी गाठली, इराणच्या मुलींनी थायलंडला हरविले. एका रात्रीत साऱ्या देशाची कबड्डीतली अब्रू पायल चौधरीच्या संघावर येऊन पडली. त्या संघात आपली सोनाली शिंगटेही होती. मुंबईत घडलेली ही खेळाडू एका बाजूला आणि नाशिकच्या बाई दुसऱ्या बाजूच्या बाकावर, असे ते दृश्य होते. कोणत्या बाजूने टाळ्या वाजवाव्यात, असा प्रश्न त्या दिवशी अनेक मराठी घरांत पडला असेल.

सामन्याचा निकाल आपण सुरुवातीलाच पाहिला. त्याच दिवशी इराणच्या पुरुषांनीही दक्षिण कोरियाला २६-१६ असे हरवून सुवर्ण घेतले. २८ वर्षांत प्रथमच भारताकडे कबड्डीचे एकही आशियाई सुवर्ण उरले नाही.

मग वाद झाला. 'आपल्याच बाईंनी आपल्याला हरविले' असा सूर काहींनी लावला. हा आरोप ऐकायला नवा, पण हॉगन यांना मिळालेल्या मोज्यांची ऊब त्याला आहे. घरातल्या ज्ञानाला घरात जागा द्यायची नाही आणि ते बाहेर गेले की निष्ठेचा हिशेब मागायचा, ही रीत जुनी आहे. शिवाय आपण विसरतो की परदेशी शिक्षक पाठविणे हे भारतीय कबड्डीचे १९७९पासूनचे जाहीर धोरणच होते. खेळ ऑलिंपिकपर्यंत न्यायचा असेल तर इतर देश बलवान झाले पाहिजेत, असे आपल्या संघटकांनी दशकानुदशके सांगितले. ते बलवान झाले. त्यासाठी जी किंमत द्यावी लागते, तिची पहिली पावती जकार्ताला हाती आली एवढेच.

भारतीय बाजू मात्र त्या वेळी खरोखर विस्कटलेली होती. दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच ऑगस्ट महिन्यात राष्ट्रीय महासंघातील तहहयात अध्यक्षपद रद्दबातल ठरवून कारभार प्रशासकाकडे सोपविला होता. संघनिवडीविरुद्धही माजी खेळाडू न्यायालयात गेले होते. प्रकरण इतके विचित्र वळणावर गेले की जकार्ताहून परतलेला संघ आणि वगळले गेलेले खेळाडू यांच्यात १५ सप्टेंबरला सामना खेळविण्याचा आदेश न्यायालयाने दिला. ठरल्या दिवशी आशियाई स्पर्धेचा संघ मैदानावर आलाच नाही. पराभवाचे सारे खापर या गोंधळावर फोडणे सोयीचे आहे, पण ते इराणवर अन्यायाचे होईल. गोंधळ नसता तरी त्या संध्याकाळी इराणच्या मुली अधिक शांत डोक्याने खेळल्या असत्या, असे सामना पाहिलेल्या कोणालाही मान्य करावे लागेल.

हॉगन आणि जैन यांची तुलना मी केली खरी, पण ती एका ठिकाणी तुटते. हॉगन यांनी कोवळ्या वयातल्या पोरांना हाताशी धरून एक संपूर्ण शैली रुजविली. तिचे फळ दिसायला तीन दशके लागली. शैलजा जैन यांना मिळाले दीड वर्ष आणि जवळजवळ तयार झालेल्या खेळाडू. त्यांचे काम रुजविण्याचे नव्हते, शेवटचा पेच सोडविण्याचे होते. त्यांच्या तीन दशकांची खरी रुजवण नाशिकच्या मैदानांवर झाली, आणि तिचा इतिहास अजून कोणी लिहिलेला नाही. नाशिक, जालना, परभणी, सांगली अशा जिल्ह्यांतील क्रीडा कार्यालयांची जुनी दप्तरे, शालेय स्पर्धांचे निकालपत्रक, शिबिरांची हजेरीपुस्तके ही या इतिहासाची साधने आहेत. रद्दीत जाण्यापूर्वी ती कोणा तरुण अभ्यासकाने पाहावीत, अशी फार इच्छा आहे. जालन्याच्या वाचकांपैकी कोणी हे मनावर घेतले तर या धाग्याखाली अवश्य कळवावे. कामाची वाटणी करून घेता येईल.

पुढचे थोडक्यात. २०२३ साली हांगझूला झालेल्या आशियाई स्पर्धेत भारतीय महिलांनी सुवर्ण परत मिळविले, पण अंतिम सामना इराणशी नव्हता. तो होता चायनीज तैपेईशी, आणि निकाल २६-२५ असा एका गुणाचा. त्याच तैपेईने गटात भारताला ३४-३४ असे बरोबरीत रोखले होते आणि उपांत्य फेरीत इराणला हरविले होते. पाच वर्षांपूर्वी जकार्ताला भारताकडून तेरा गुणांनी हरलेला हा संघ. इराणला कांस्य मिळाले. पुरुषांच्या अंतिम सामन्यात भारताने इराणला ३३-२९ असे हरविले. त्या सामन्यातल्या वादग्रस्त निर्णयामुळे खेळ बराच वेळ थांबला होता, तो वेगळ्या धाग्याचा विषय आहे.

जाता जाता एक नोंद. जकार्ताला इराणच्या पुरुष संघाचे प्रशिक्षक होते गुलामरेझा माझंदरानी. दीड महिन्याने, ऑक्टोबर २०१८मध्ये, प्रो कबड्डीचा सहावा हंगाम सुरू झाला तेव्हा ते यू मुंबा या संघाच्या बाकावर प्रशिक्षक म्हणून बसलेले दिसले. त्या संघाचा कर्णधारही इराणीच होता, फझल अत्राचली, लिलावात एक कोटी रुपयांना घेतलेला. मुंबईचा संघ, इराणी कर्णधार, इराणी प्रशिक्षक; आणि प्रेक्षागृहात मराठी मंडळी त्यांच्या नावाने घोषणा देत होती.